कुठून कुठे, हे फाईलीत लिहिलेलं असतं का?

नागपुरात सीताबर्डीहून विधानभवनाकडे जाताना झीरो माईलचा खांब लागतो. बाहेरगावचे पाहुणे तिथल्या चार घोड्यांसोबत फोटो काढतात आणि पुढे जातात. त्याच आवारात भारतीय सर्वेक्षणाची १९०७ सालची उंचीची खूण आहे आणि तिची नोंदलेली उंची आहे १०२०.१७१. हा आकडा फुटांत आहे आणि तो समुद्राच्या सरासरी पातळीपासून मोजलेला आहे. या दोन गोष्टी माहीत असतील तर नागपूर समुद्रापासून साधारण ३११ मीटर उंचीवर आहे, हे लगेच कळतं. कुणी तोच आकडा मीटर समजून वाचला, तर नागपूर थेट चिखलदऱ्याच्या उंचीजवळ जाऊन पोचेल. आकडा तोच राहील आणि त्याचा प्रत्येक अंक बरोबर असेल, तरी अर्थ साफ चुकलेला असेल.

असेच आकडे भरलेली एक छोटीशी फाईल आज मोठ्या रुग्णालयांच्या संगणकांत रोज तयार होते. तिचं नाव ट्रान्सफॉर्म फाईल. ती उघडून पाहणारे थोडे असतात. खरं तर ती उघडून वाचणं अवघड नाही, आणि रुग्णाच्या दृष्टीने ते अत्यंत मोलाचं आहे.

चंद्रपूर, गोंदिया, छिंदवाडा, बालाघाट अशा ठिकाणांहून नागपूरला उपचारासाठी येणाऱ्या रुग्णाच्या पिशवीत बहुधा आधीच्या तपासण्यांच्या फिल्म आणि सीडी असतात. समजा, मेंदूत गाठ आहे. एमआरआय गावाजवळच्या शहरात महिनाभरापूर्वी झाला. आता रेडिएशनचं नियोजन करायचं म्हणून नागपुरात चेहऱ्यावर जाळीचा मास्क बसवून सीटी स्कॅन झाला. गाठीची कड एमआरआयमध्ये स्पष्ट दिसते, कारण मऊ ऊतींमधला फरक त्यात चांगला उमटतो. किरणांचा डोस मात्र बहुधा सीटीवरच मोजतात, कारण शरीराचा कोणता भाग किरणं किती शोषेल याचा हिशेब सीटीच्या आकड्यांवरून लागतो. म्हणजे गाठ एका चित्रात आखायची आणि डोस दुसऱ्या चित्रात मोजायचा. दोन्ही वेळी डोकं वेगळ्या कोनात, वेगळ्या उशीवर, वेगळ्या यंत्रात होतं. म्हणून आधी एक चित्र दुसऱ्यावर बिनचूक बसवावं लागतं.

या बसवण्याला तंत्रज्ञ 'रजिस्ट्रेशन' म्हणतात आणि बोलताना सरळ 'फ्यूजन'. मराठीत 'जुळवणी' हा शब्द चपखल बसतो. संगणक एमआरआय थोडा फिरवतो, थोडा सरकवतो, दोन्ही चित्रं किती जुळली ते मोजतो आणि पुन्हा फिरवतो. असं शेकडो वेळा केल्यावर जे उत्तर उरतं, किती फिरवायचं आणि किती सरकवायचं, ते ट्रान्सफॉर्म फाईलीत लिहिलं जातं.

वैद्यकाच्या आधीपासून हे काम नकाशांवर चालत आलं आहे आणि त्याचा विदर्भाशी संबंध जुना आहे. भारताची त्रिकोणमितीय मोजणी १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू करणारे विल्यम लॅम्टन नागपूरकडे येत असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथेच आहे. त्यांच्यानंतर आलेल्या जॉर्ज एव्हरेस्ट यांनी पृथ्वीचा जो आकार ठरवला, त्यावर भारताचे नकाशे दीडशेहून अधिक वर्षं बेतले गेले. आजचे उपग्रह पृथ्वीचा वेगळा आकार आणि वेगळं केंद्र धरतात. जुन्या भारतीय पद्धतीतून उपग्रहाच्या पद्धतीत यायचं, तर केंद्र तीन दिशांनी सरकवावं लागतं. त्यासाठी प्रचलित असलेले आकडे आहेत २९५, ७३६ आणि २५७ मीटर. ही बेरीज जुन्याकडून नव्याकडे जाताना करायची. उलट जाताना तेच आकडे वजा करायचे. दिशा विसरली, की दुरुस्ती होण्याऐवजी चूक दुप्पट होते.

नागपुरात आज महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे आणि इस्रोचं प्रादेशिक सुदूर संवेदन केंद्रही आहे. उपग्रहाचं चित्र नकाशावर बसवणं हे या क्षेत्रातलं रोजचं काम. त्यात वापरली जाणारी 'वर्ल्ड फाईल' ही बहुधा जगातली सर्वात सोपी ट्रान्सफॉर्म फाईल असावी. नोटपॅडमध्ये उघडली की फक्त सहा ओळी दिसतात आणि प्रत्येक ओळीत एकच आकडा. पहिला आकडा चित्रातल्या एका ठिपक्याची रुंदी. दुसरा आणि तिसरा चित्र तिरकं असेल तर त्याचा हिशेब, जो बहुतेक वेळा शून्य असतो. चौथा ठिपक्याची उंची, आणि ती उणे असते, कारण चित्राच्या ओळी वरून खाली मोजल्या जातात आणि नकाशावर उत्तर दिशा वर असते. शेवटचे दोन आकडे वरच्या डाव्या ठिपक्याची जागा सांगतात. नागपूर शहराच्या चित्रासाठी ते साधारण ३ लाख आणि २३ लाख ४० हजार मीटर असे येतात.

आता यातली खाच अशी. हे मीटर मोजण्यासाठी पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे पाडलेले आहेत आणि प्रत्येक पट्ट्यात मोजणी नव्याने सुरू होते. नागपूर ४४ क्रमांकाच्या पट्ट्यात येतं, तर अमरावती, अकोला ४३ मध्ये. दोन्ही पट्ट्यांची हद्द ७८ रेखांशावर, म्हणजे विदर्भाच्या अंगावरूनच जाते. वर्ल्ड फाईलीत पट्ट्याचा क्रमांक नसतो. अमरावतीच्या कामाची सवय असलेल्या एखाद्याने नागपूरची फाईल ४३ व्या पट्ट्यात उघडली, तर सीताबर्डी सहाशे किलोमीटरहून जास्त पश्चिमेला सरकते आणि थेट सुरत जिल्ह्यातल्या बारडोलीच्या आसपास उतरते. सहाही आकडे बरोबर असतात आणि संगणक एकही सूचना देत नाही.

नकाशात ही चूक पटकन लक्षात येते, कारण अंबाझरी तलाव गुजरातेत दिसला की कुणीही थांबेल. मेंदूच्या चित्रात चार मिलिमीटरची चूक अशी डोळ्यात भरत नाही. तिथे फाईलच वाचावी लागते.

वैद्यकीय चित्रांसाठी बराच वापर असलेला 'आयटीके' हा सॉफ्टवेअर-संच अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या पुढाकाराने १९९९ पासून घडत आला. त्याची फाईल उघडली की पहिल्या ओळीत 'इनसाइट ट्रान्सफॉर्म फाईल' असं नाव दिसतं. मग प्रकार येतो. उदाहरणार्थ, 'युलर थ्री-डी' म्हणजे फक्त फिरवणं आणि सरकवणं, ताणणं नाही. त्याखाली 'पॅरामीटर्स' या शब्दापुढे सहा आकडे. समजा ते असे आहेत: ०, ०, ०.०५२४, ४.२, −११.८, ३७.५. पहिले तीन कोन आणि पुढचे तीन मिलिमीटर. कोन रेडियनमध्ये असतात, म्हणून ०.०५२४ म्हणजे ३ अंश. हा आकडा अंश समजून वाचणाऱ्याला वाटेल, डोकं जवळजवळ हललंच नाही. उलट कुणी हाताने फाईल लिहिताना ३ अंशांसाठी ३ टाकलं, तर यंत्र ते ३ रेडियन धरेल आणि डोकं जवळपास १७२ अंशांत फिरवेल.

शेवटच्या ओळीत 'फिक्स्ड पॅरामीटर्स' असतात. नवशिका इथे थांबत नाही, आणि चूक बहुधा इथेच लपते. या ओळीत फिरवण्याचं केंद्र लिहिलेलं असतं. दार बिजागरीपाशी किती हललं आणि कडीपाशी किती हललं, यात फरक असतोच. तसंच केंद्रापासून ३०० मिलिमीटर दूर असलेली जागा ३ अंशांच्या फिरण्याने जवळजवळ १६ मिलिमीटर सरकते. केंद्र मेंदूच्या मध्यावर धरलं की यंत्राच्या शून्य बिंदूवर, त्यानुसार तेच सहा आकडे गाठीला दोन वेगळ्या जागी नेऊन ठेवतात.

तीन अंश आणि तीन सरकवण्या खरोखर काय करतात ते एका बिंदूवर करून पाहावं. कागद-पेन्सिल आणि कॅल्क्युलेटर पुरतो. केंद्र शून्यावर आहे असं धरू. बिंदू घेतला ४०, ६०, ३०. तीन अंशांचा कोसाइन ०.९९८६ आणि साइन ०.०५२३. नवा पहिला आकडा ४० गुणिले ०.९९८६, वजा ६० गुणिले ०.०५२३, अधिक ४.२, म्हणजे साधारण ४१.०. दुसरा ४० गुणिले ०.०५२३, अधिक ६० गुणिले ०.९९८६, वजा ११.८, म्हणजे ५०.२. तिसरा सरळ बेरजेने ६७.५. आता सॉफ्टवेअरमध्ये त्याच बिंदूवर जाऊन उत्तर हेच येतं का ते पाहायचं. नाही आलं, तर कुठला तरी संकेत समजण्यात चूक झाली आहे आणि ती रुग्ण टेबलावर येण्याआधी सापडली आहे. पाच मिनिटांच्या या पडताळणीची सवय प्रत्येक विभागाने लावून घ्यायला हवी.

संकेतांमधला सर्वात मोठा गोंधळ डाव्या-उजव्याचा. रुग्णालयांची यंत्रं ज्या डायकॉम पद्धतीत चित्रं साठवतात, तिथे पहिला अक्ष रुग्णाच्या डावीकडे वाढतो, दुसरा पाठीकडे आणि तिसरा डोक्याकडे. मेंदूच्या संशोधनात रुळलेल्या निफ्टी पद्धतीत पहिला उजवीकडे, दुसरा चेहऱ्याकडे आणि तिसरा डोक्याकडेच. म्हणजे पहिल्या दोन अक्षांची चिन्हं उलटी. 'थ्री-डी स्लायसर' हे मोफत मिळणारं सॉफ्टवेअर संशोधक मंडळी सर्रास वापरतात. त्याच्या खिडकीत आकडे दुसऱ्या पद्धतीने दिसतात, पण फाईल पहिल्या पद्धतीने साठवली जाते, आणि वर दिशाही उलटी असते. त्यामुळे फाईलीत नुसती ४.२, −११.८, ३७.५ अशी सरकवणी असेल, तर खिडकीत दिसते ४.२, −११.८, −३७.५. पहिल्या दोन आकड्यांचं चिन्ह दोनदा उलटून जागेवर आलं आणि तिसऱ्याचं एकदाच उलटलं. हे ज्याला माहीत नाही, त्याला फाईल खराब झाल्यासारखी वाटते, आणि तो हाताने चिन्ह 'दुरुस्त' करायला जातो. नेमकं तेच करायचं नाही.

दिशा उलटी का ठेवतात, हा प्रश्न रास्त आहे. एमआरआय सीटीवर बसवायचा तर फाईलीने एमआरआयचा बिंदू सीटीत कुठे जातो ते सांगावं, असं कुणालाही वाटेल. आयटीकेची फाईल सांगते त्याच्या नेमकं उलट: सीटीतला बिंदू एमआरआयमध्ये कुठे सापडेल. ठिपक्यांच्या रांगोळीवरून हे लगेच समजतं. जुन्या कागदावरची रांगोळी नव्या, थोड्या तिरक्या ठिपक्यांच्या कागदावर उतरवायची आहे. जुन्या कागदावरचा प्रत्येक रंग उचलून नव्यावर टाकत गेलं, तर काही ठिपक्यांवर दोन रंग पडतील आणि काही कोरे राहतील. त्याऐवजी नव्या कागदावरच्या प्रत्येक ठिपक्याला विचारायचं, तुझ्यासाठी रंग जुन्या कागदावर कुठून आणू? मग एकही ठिपका कोरा राहत नाही. संगणक हेच करतो. चित्र बसवताना ही दिशा सोयीची ठरते, पण डॉक्टरांनी आखलेली गाठीची कड म्हणजे बिंदूंची माळ. ती एमआरआयवरून सीटीवर न्यायची तर फाईल उलटी करून वापरावी लागते. चित्र बरोबर बसलं आणि कड मात्र भलतीकडे गेली, असं झालं तर पहिला संशय दिशेवर घ्यावा.

ताणण्याचाही हिशेब असतो तेव्हा सहाऐवजी बारा आकडे येतात. नऊ आकड्यांची एक मॅट्रिक्स आणि तीन सरकवण्या. नऊ आकडे नुसते पाहून फारसं कळत नाही. इथे दहावीच्या बीजगणितात क्रेमरच्या पद्धतीत भेटलेला निश्चयक कामाला येतो. त्या नऊ आकड्यांचा निश्चयक १ आला तर आकारमान जसंच्या तसं राहिलं. ०.९३ आला तर सगळं डोकं आकारमानाने ७ टक्के लहान झालं. एकाच माणसाची महिन्याभरात घेतलेली दोन चित्रं जुळवताना कवटी ७ टक्के आकसणं शक्य नाही. तेव्हा अशी फाईल बाजूला ठेवून चौकशी करावी. आणि निश्चयक उणे आला, तर चित्र आरशातलं झालं आहे. डाव्या पायाची चप्पल कितीही फिरवली तरी उजव्या पायाची होत नाही, तसं कुठल्याही फिरवण्या-सरकवण्याने हे घडत नाही. उणे निश्चयक म्हणजे डावं आणि उजवं कुठेतरी अदलाबदल झालं. डोकं दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखं असतं, म्हणून जुळवणी पडद्यावर सुंदर दिसते आणि गाठ मात्र दुसऱ्या बाजूला असते. वैद्यकात याहून धोकादायक चूक क्वचितच असेल, आणि ती एका निश्चयकाने पकडता येते.

सगळ्याच फाईली अशा स्वयंपूर्ण नसतात. ऑक्सफर्डच्या 'एफएसएल' संचाची फाईल दिसायला अगदी साधी, चार ओळींत चार-चार आकडे. पण ते आकडे दोन्ही चित्रांच्या ठिपक्यांच्या मापावर आणि मांडणीवर बेतलेले असतात. मूळ दोन चित्रं हरवली, की फाईल मुकी होते. 'अँट्स' या संचाची फाईल तर नोटपॅडमध्ये उघडतच नाही, नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसतात. ती वाचून दाखवणारा छोटा प्रोग्रॅम त्याच संचात मिळतो. शिवाय एकाहून जास्त फाईली एकापाठोपाठ लावायच्या असतील, तर अँट्सला दिलेल्या यादीतली शेवटची फाईल आधी लागू होते. आधी फिरवून मग सरकवणं आणि आधी सरकवून मग फिरवणं यांचं उत्तर एक येत नाही, त्यामुळे हा क्रम पाठच हवा.

मॅट्रिक्समधलं ताणणं दर वेळी चूकच असतं असंही नाही. संशोधनात रुग्णाचा मेंदू एखाद्या प्रमाण नकाशावर बसवतात. सर्वात प्रचलित नकाशा माँट्रियलचा, १५२ जणांच्या चित्रांवरून केलेला. २०१९ मध्ये हैदराबादच्या ट्रिपल आयटीने तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेसोबत १०० भारतीयांच्या एमआरआयवरून भारतीय मेंदूचा नकाशा तयार केला. त्यात भारतीय मेंदू उंची, रुंदी आणि आकारमान यांत पाश्चात्त्य मेंदूंपेक्षा सरासरीने लहान आढळला. म्हणजे विदर्भातल्या माणसाचा मेंदू माँट्रियलच्या नकाशावर बसवताना निश्चयक १ पासून दूर गेला, तर तिथे घाबरण्याचं कारण नाही. तीच संख्या एकाच रुग्णाच्या सीटी-एमआरआयमध्ये आली, तर मात्र काम थांबवायला हवं.

पोट, ओटीपोट, फुप्फुसं यांत ही साधी गणितं पुरत नाहीत. मूत्राशय भरतं, रिकामं होतं, श्वासासोबत यकृत वर-खाली होतं. तिथे प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा वेगळा बाण द्यावा लागतो. २५६ गुणिले २५६ गुणिले १८० ठिपक्यांच्या चित्रात असे सुमारे १ कोटी १८ लाख बाण होतात आणि प्रत्येकाचे तीन आकडे. ही फाईल वाचता येत नाही, पण तपासता येते. प्रत्येक जागी तोच निश्चयक काढून त्याचं चित्र करायचं. जिथे तो उणे येतो, तिथे ऊती कापडासारखी स्वतःवर दुमडली आहे. चोळीच्या खणाला चुणी पडावी तशी. जिवंत शरीरात यकृत स्वतःतून आरपार जात नाही, म्हणून ती चुणी गणिताची चूक असते.

अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये रेडिएशन उपचारांतल्या जुळवणीबद्दल आपला १३२ व्या कार्यगटाचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे अशा चित्रांवर सॉफ्टवेअर तपासून घेण्यावर, आणि प्रत्येक रुग्णाची जुळवणी डोळ्यांनी पाहून तिची लेखी नोंद ठेवण्यावर भर आहे. माहीत असलेलं उत्तर मिळवण्याची सोपी युक्ती म्हणजे एखादं चित्र मुद्दाम १० मिलिमीटर डावीकडे सरकवायचं आणि सॉफ्टवेअरला जुळवायला सांगायचं. फाईलीत १० कुठल्या जागी, कुठल्या चिन्हासह येतो, ते एकदा भिंतीवर लिहून ठेवलं की त्या सॉफ्टवेअरचं एकक आणि डाव्या-उजव्या अक्षाचं चिन्ह कळतं. दुसरी युक्ती चित्र स्वतःशीच जुळवण्याची, ज्यात सगळी सरकवणी शून्य यायला हवी.

आणि तिसरी युक्ती फाईलीला नीट नाव देण्याची. बहुतेक संगणकांत या फाईली 'ट्रान्सफॉर्म १', 'ट्रान्सफॉर्म २', 'फायनल', 'फायनल नवी' अशा नावांनी पडून असतात. मेंदू-संशोधकांच्या एका प्रचलित नामपद्धतीत नावातच 'फ्रॉम' आणि 'टू' लिहितात, म्हणजे कोणत्या चित्रातून कोणत्या चित्रात. नागपूरच्या एखाद्या विभागात तेच नाव 'चंद्रपूर-एमआर-पासून-नागपूर-सीटी-पर्यंत' असं असलं, त्यापुढे तारीख आणि मिलिमीटर हा शब्द असला, तर सहा महिन्यांनी रुग्ण पुन्हा तपासणीला आल्यावर नव्या माणसालाही ती फाईल उघडण्याआधीच निम्मी वाचून झालेली असेल.